बारा शाखांसाठी क्लाउडवरून सांभाळले जाणारे वाय-फाय घ्यावे का?

आपल्या बारा शाखांत प्रत्येक ठिकाणी वेगळा राउटर आणि वेगळा पासवर्ड आहे, त्याऐवजी सर्व वाय-फाय क्लाउडवरून सांभाळणे योग्य ठरेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र शाखेचे इंटरनेट बंद पडल्यावर नेमके काय चालू राहील, हे खरेदीपूर्वीच तपासून घ्यावे, कारण अशीच व्यवस्था सांभाळताना मला सर्वाधिक त्रास याच मुद्द्यावर झाला.

सिस्को मेराकी, अरुबा सेंट्रल किंवा ज्युनिपर मिस्ट यांसारख्या प्रणालींत सेटिंग, फर्मवेअर (उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर) आणि नोंदी क्लाउडवरून सांभाळल्या जातात. कर्मचाऱ्यांचा डेटा मात्र सहसा क्लाउडमध्ये न जाता शाखेतल्या स्विचवरूनच (केबलने उपकरणे जोडणाऱ्या पेटीवरूनच) पुढे जातो. त्यामुळे लाइन तुटली तरी अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारे उपकरण) शेवटच्या सेटिंगवर काम करत राहतो आणि शाखेतल्या प्रिंटरवर छपाईही होते.

लॉगिनचे तसे नसते. आमच्या एका शाखेची लाइन कार्यालय उघडण्याच्या थोडी आधी तुटली. रात्रभर जोडलेली बिलिंगची यंत्रे व्यवस्थित चालू होती, पण नुकत्याच आलेल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप काही केल्या जोडले जाईनात, कारण ८०२.१एक्स पद्धतीने ओळख पडताळणारा रेडियस सर्व्हर मुख्य कार्यालयात होता आणि तिथपर्यंतचा रस्ता त्याच तुटलेल्या लाइनवरून जात होता. त्यानंतर आम्ही प्रत्येक शाखेला मोबाइल डेटाची पर्यायी लाइन दिली आणि बिलिंगच्या यंत्रांसाठी पासवर्डवर चालणारा स्वतंत्र एसएसआयडी (वाय-फायचे नाव) ठेवला, ज्याची पडताळणी अ‍ॅक्सेस पॉइंटवरच होते.

खरा फायदा टेम्प्लेटचा, म्हणजे सेटिंगच्या सामायिक साच्याचा आहे. एसएसआयडी, पाहुण्यांचे वेगळे व्हीलॅन (त्याच उपकरणांवर अलग ठेवलेले नेटवर्क) आणि सुरक्षेचे नियम एकदा लिहिले की बाराही ठिकाणी तेच लागू होतात, आणि नव्या शाखेत उपकरणाचा अनुक्रमांक आधीच नोंदवलेला असेल तर तिथल्या माणसाला केवळ केबल जोडावी लागते. पण चूकही तितक्याच वेगाने सगळीकडे पोहोचते. म्हणून कोणताही बदल, विशेषतः व्हीलॅनचा आणि फर्मवेअरचा, आधी एकाच शाखेत काही दिवस चालवून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

रेडिओची बाब मात्र प्रत्येक इमारतीची स्वतंत्र असते. भिंती, लोखंडी कपाटे आणि शेजारच्यांचे वाय-फाय टेम्प्लेटला ठाऊक नसते, आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारी १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल सर्वसाधारणपणे वापरात येतात. जागेची पाहणी त्यामुळे टाळता येत नाही. स्विचही पाहावेत, कारण नेटवर्कच्या केबलमधूनच वीज तेच पुरवतात: ८०२.३एएफ मानकाचा पोर्ट १५.४ वॅटपर्यंतच वीज देतो, तर अनेक नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटना पूर्ण क्षमतेसाठी ३० वॅटचा ८०२.३एटी पोर्ट लागतो.

परवान्याची मुदत संपल्यावर उपकरण चालू राहते की बंद पडते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. शिवाय चाचणीसाठी उपकरण मिळाले तर इंटरनेटची केबल काढावी, अ‍ॅक्सेस पॉइंट बंद करून पुन्हा चालू करावा आणि आदल्या दिवशी जोडलेला नव्हे, तर नवा लॅपटॉप त्याला जोडून पाहावा.