आधी हातपाय चाचपून बघ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "सर, बीपी ११० होतं, मग बाळंतीण तासाभरात एवढी कशी खचली?" ओपीडी चालू होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

तुझ्या वयाचा असताना मीही असाच फसलो होतो. डिलिव्हरी होऊन अर्धा तास झालेला, नाडी १२४, बीपी ११०/९०. केसपेपरवर 'बीपी नॉर्मल' लिहून मी पुढच्या पेशंटकडे गेलो. सिस्टर म्हणाल्या, "सर, पाय गार लागतायत." पावसाळ्याचे दिवस होते. मी पंखा बंद करायला सांगितला. ती वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली. वरचे आणि खालचे आकडे इतके जवळ आलेले, नाडी वरच्या बीपीच्याही पुढे गेलेली. सगळं कागदावर होतं आणि मी फक्त ११० वाचलं.

तरुण शरीर रक्तस्राव फार शिताफीने झाकतं. हृदय जोरात पळतं, कातडीच्या आणि आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतात, उरलेलं रक्त मेंदू-हृदयाकडे वळतं. साधारण ३० टक्के रक्त गेल्यावरच बीपी ठळकपणे उतरतं. म्हणजे बीपी पडलं तेव्हा शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचणं) सुरू झाला असं समजू नकोस. तेव्हा शरीराची झाकपाक संपलेली असते.

म्हणून मशीन लावायच्या आधी हात लाव. पायाच्या बोटांपासून वर सरकत जा आणि कातडी कुठे कोमट लागते ते बघ. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोड. रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तिथून हलू नकोस. गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते का? बाई अस्वस्थ आहे, सारखं पाणी मागतेय, तर 'घाबरलीये' म्हणून सोडून देऊ नकोस. नाडीला वरच्या बीपीने भाग. बाळंतपणानंतर उत्तर ०.९ च्या वर गेलं की मदत बोलाव. लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर घाल. ५० किलोच्या बाईला तासाला २५ मिलीपेक्षा कमी लघवी होत असेल तर मूत्रपिंडं उपाशी आहेत.

उपचारात आधी गळती बंद. पोटावरून गर्भाशय चोळ, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन चालू कर, वार पूर्ण आली का आणि कुठे फाटलंय का ते बघ. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड १ ग्रॅम, दहा मिनिटांत सावकाश, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. दोन्ही हातांना १६ किंवा १८ नंबरचा इंट्राकॅथ (शिरेत घालायची नळी). घाईत हाताला आलेला बारीक निळा नको. सलाईन वेळ मिळवून देतं, पण ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. रक्ताची सोय आणि १०८ ला फोन त्याच पाच मिनिटांत.

आता एक धोक्याची गोष्ट. गार हात दिसले की सलाईन सोडायची सवय लावून घेऊ नकोस. कोकणात आहेस, विंचू येणारच. लाल विंचू चावलेलं पोर घामाने भिजलेलं, ओकारी करणारं, हातपाय बर्फासारखे. पण सुरुवातीला बीपी बहुधा चढलेलं असतं, कारण विषामुळे रक्तवाहिन्या पिळल्या जातात. मग हृदय दमतं, फुप्फुसात पाणी साचतं आणि शेवटी बीपी कोसळतं. तिथे भराभर सलाईन सोडणं म्हणजे पोराला आतून बुडवणं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून हे टिपलं आणि प्रॅझोसिन वापरलं, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. आवळलेल्या वाहिन्या त्याने सैल होतात. गोळी दिल्यावर पोराला आडवंच ठेव. कडेवर उभं घेतलं तर बीपी झटकन उतरू शकतं. आपल्या मातीत सापडलेलं हे ज्ञान आहे, त्याचा मला फार अभिमान वाटतो.

उलट, जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये सुरुवातीला हात चक्क गरम असू शकतात. तिथे श्वासाचा वेग, झोपाळूपणा आणि लघवी बघ. इंजेक्शननंतर मोठ्या माणसाला अॅलर्जीने अंगभर पित्त उठून बीपी पडलं तर अॅड्रिनॅलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, लगेच. आपल्याकडे आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन या अॅलर्जीवरच्या इतर इंजेक्शनांकडे हात जातो, त्यात मोलाची मिनिटं जातात.

सलाईनची प्रत्येक बाटली हे औषध समज. थोडं दे, परत हात लाव, छातीचे तळ ऐक, मग पुढचं ठरव. आणि पेशंट मोठ्या हॉस्पिटलला पाठवताना चिठ्ठीवर नुसतं 'सलाईन दिलं' लिहू नकोस. किती दिलं, किती वाजता दिलं आणि त्यानंतर पाय कोमट झाले का, एवढं लिही. पुढच्या डॉक्टरला सुरुवात तिथूनच करायची असते.

तुझा,
सर