चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी सुटतं

"चांगली सवय लावायची ठरवतो, चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी सुटतं. माझ्यात दमच नाही का हो मॅडम?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. शिक्षिका विचारतात, बँकेतले विचारतात, इचलकरंजीहून येणारे यंत्रमागवालेही विचारतात. त्यातल्या एकांची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, ते क्वालिटी बघतात. चाळिशीच्या अलीकडचे, राहायला शिवाजी पेठेत. पहिल्या भेटीत खिशातून घडी घातलेला कागद काढला. पाचला उठणे, रंकाळ्याला फेरी, प्राणायाम, दहा पानं वाचन, रात्री दहाला झोप. मोबाईलवरच्या कुठल्याशा व्हिडिओतून उतरवलेली यादी. "एकवीस दिवस करा, आपोआप लागतंय म्हणाला तो. माझं आठवड्याच्या वर जाईना." सेकंड शिफ्टचं पोअरिंग, म्हणजे धातू ओतायचं काम, संपेपर्यंत ज्याचा फोन वाजत असतो, त्याला पहाटे पाचला उठवणाऱ्याने फौंड्री लांबूनही पाहिली नसावी.

हे एकवीस दिवसांचं खूळ आलं कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६०मध्ये लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'किमान' वाटेत गळाला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. २०१०मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला काळ निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसातला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे ऐकून ते जरा सैलावून बसले. "म्हणजे मी नापास नाही तर!"

सवयींकडे वळण्याआधी मी झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं विचारून घेतलं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर सवयींच्या नादी न लागता आधी डॉक्टर गाठावा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. यांचं प्रकरण तिथवर गेलं नव्हतं. दमणूक होती आणि कामाबद्दल तुसडेपणा आला होता. "काय कास्टिंग आन् काय फिस्टिंग, जाऊ दे खड्ड्यात," हे वाक्य एका भेटीत तीनदा आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये कामाच्या ताणातून येणाऱ्या 'बर्नआऊट'ची तीन लक्षणं मांडली: थकवा, कामापासून मन उठणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. तिन्ही थोडी थोडी होतीच.

मग यादी बाजूला ठेवली आणि त्यांना फक्त संध्याकाळ सांगायला लावली. घरी येतात, हातपाय धुतात, ताटावर बसतात. ताटाला टेकून फोन. ग्राहकाच्या मशिनशॉपमधून ग्रुपवर फोटो येतो, कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, लाल गोल काढलेला, आत ब्लोहोल, वायू अडकून पडलेलं भोक. एका हाताने भाकरी मोडायची, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ते भोक मोठं करून बघायचं. वाळूत ओल जास्त होती का, कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, नीट भाजला नव्हता का, हा हिशेब तिथंच सुरू. मुलगी म्हणते, "पप्पा, आमटीत पडंल फोन." त्यावर हे खेकसतात, आणि मग रात्रभर खेकसल्याचंच वाईट वाटत राहतं.

गळती इथं होती. पहाटेला ठिगळ लावून काय उपयोग?

नवी सवय मोकळ्या हवेत तरंगत ठेवली तर टिकत नाही, आधीपासून रोज घडणाऱ्या गोष्टीला ती बांधावी लागते. यांची रोज न चुकणारी गोष्ट म्हणजे रिजेक्शन रजिस्टरवरची, म्हणजे नापास मालाच्या नोंदवहीवरची सही. सही झाली की तिथंच उभ्याने स्वतःच्या डायरीत दोन ओळी लिहायच्या. पहिली: राहिलेलं काम उद्या किती वाजता, कुणाला धरून करायचं. अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात, पण ती कधी आणि कशी करायची हे नेमकं ठरवलं की त्यांचा त्रास कमी होतो, असं मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११च्या प्रयोगांत आढळलं. दुसरी ओळ: आज माझ्यामुळे काय नीट झालं. या दुसऱ्या ओळीवर ते हसले. क्वालिटीवाल्याला दिवसभर चुकाच शोधायच्या असतात, बरोबर निघालेलं कोण मोजतो? पण पुढच्या भेटीत डायरी दाखवली. एका दिवशी लिहिलं होतं, "नव्या पोराला वाळूचा ओलावा हाताने ओळखायला शिकवलं. जमलं त्याला." वाचून दाखवताना खुर्चीत ताठ झाले होते.

फोनचा प्रश्न मात्र डायरीने सुटणारा नव्हता. माणसावर लादलेला भार सवयीच्या नावाखाली त्यालाच पेलायला लावणं मला पटत नाही. मालकांशी काय बोलायचं, याची आम्ही तालीम केली. ते बोलले. मालक आधी तडकले, मग म्हणाले, "लाईन थांबली तर फोन येईल, तो उचल. फोटो सकाळी बघ." एवढ्यानेही ताट मोकळं झालं.

आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःच आणली. तरुणपणी ते पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळले होते, पण शाहू स्टेडियमवर पाऊल ठेवून वर्षं झाली होती. आता सुट्टीच्या सोमवारी गल्लीतल्या पोरांचा सराव घेतात. माझ्या सल्ल्यांपेक्षा याचाच गुण जास्त आला असावा.

मधे पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलं, हायवे बंद पडायची धास्ती, शिफ्ट विस्कटल्या आणि डायरी सुटली. "संपलं सगळं," म्हणून आले. लॅलीबाईंचा अभ्यास परत काढला. पुन्हा सही, पुन्हा दोन ओळी. दमलेल्या दिवशी एकच ओळ लिहिली तरी चालेल, अशी सूट घेतली.

झोपेचं अजून जमायचंय. महिनाअखेरीला डिस्पॅचच्या गडबडीत फोन पुन्हा ताटाशेजारी येतो, आणि त्या आठवड्यासाठी वेगळं काय करायचं यावर आमचं बोलणं चालू आहे. पाचला मात्र ते अजूनही उठत नाहीत, आणि मीही त्यांना तसं सुचवलेलं नाही.