पट्टा आखला म्हणजे सायकल मार्ग झाला का?

प्रश्न : आमच्या रस्त्यावर पार्क केलेल्या गाड्या आणि वाहतूक यांच्या मधोमध सायकलसाठी पांढरा पट्टा आखणार आहेत. बारा वर्षांच्या मुलीला तिथून शाळेत जाऊ द्यावं का? – एक आई

उत्तर : ताई, असाच पट्टा असेल तर माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’. मी रस्त्यांचे आराखडे करते आणि नकाशात सगळ्यात आधी गाडीचं दार बघते. उघडलेलं दार जवळपास मीटरभर बाहेर येतं. दीड मीटरच्या पट्ट्यात मग उरतं काय? दार चुकवायला मुलगी उजवीकडे वळणार, आणि तिथे मागून बस येत असणार.

क्रम बदलायला सांगा : फुटपाथ, त्याला लागून सायकल मार्ग, मग पार्किंग, मग वाहतूक. कोपनहेगनमध्ये कित्येक रस्ते असेच आहेत. मार्ग दोन मीटरचा हवा. पार्किंगच्या बाजूला दारापुरती जागा वेगळी सोडायची. रस्ता रुंद करावा लागेलच असं नाही, बहुतेकदा वाहनांच्या लेन थोड्या अरुंद करून भागतं.

खरी कसोटी मात्र चौकात लागते. डावीकडे वळणारी गाडी सरळ जाणाऱ्या सायकलला आडवी जाते. म्हणून चौकाआधीच पार्किंग थांबवावं, म्हणजे दोघं एकमेकांना दिसतात. कोपऱ्याचं वळण काटकोनाजवळ ठेवावं, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो. पुष्कळ आराखड्यांत पट्टा नेमका चौकाच्या तोंडाशी गायब होतो, याची मला फार चीड येते.

सूचना-हरकती मागवतील तेव्हा शाळेपर्यंतच्या प्रत्येक चौकाचा नकाशा मागा.