अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत हाताने लिहिलेल्या नावाला दिलेलं मत मोजतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा कॅलिफोर्नियात असतो, तिथला नागरिक आहे, दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार त्याला नकोत, म्हणून मतपत्रिकेवर तो आपल्या पसंतीचं नाव स्वतः लिहिणार म्हणतो. असं मत धरतात का, आणि पुरेशा लोकांनी एकच नाव लिहिलं तर तो माणूस अध्यक्ष होऊ शकतो का?

नाव लिहायला हरकत नाही. ते धरलं जाईल की नाही, हे मात्र मतदार कुठल्या राज्यात आहे आणि कुणाचं नाव लिहितोय यावर ठरतं. लोक ज्यांची नावं हौसेने लिहितात, त्यातली बहुतेक कुठल्याच बेरजेत जात नाहीत.

याचं मूळ असं की अमेरिकेतला मतदार अध्यक्षाला थेट मत देतच नाही. मतपत्रिकेवर नाव उमेदवाराचं दिसतं, पण निवडले जातात त्या उमेदवाराच्या बाजूचे इलेक्टर, म्हणजे पुढे अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारी माणसं. देशभरात ते ५३८, बहुमताला २७० लागतात. कॅलिफोर्नियाच्या वाट्याला सध्या ५४ आहेत, टेक्सासच्या ४०. छापील उमेदवारांच्या इलेक्टरांची यादी पक्षाने आधीच दिलेली असते. हाताने लिहिलेल्या नावामागे अशी यादी नसेल तर त्या मताने निवडायचं कुणाला? म्हणून बहुतेक राज्यं म्हणतात, राइट-इन (मतपत्रिकेवर हाताने नाव लिहायचा) उमेदवार व्हायचं असेल तर आधी कागद भरा, उपाध्यक्षपदाच्या जोडीदाराचं नाव द्या, इलेक्टरांची यादी द्या. एवढं ज्याने केलंय त्याच्याच नावाची मतं वेगळी मोजली जातात. बाकी सगळी नावं, मग ती एखाद्या लोकप्रिय गव्हर्नरची असोत की मिकी माऊसची, एकतर मोजलीच जात नाहीत किंवा 'इतर' म्हणून एका आकड्यात ढकलली जातात. विस्कॉन्सिनच्या निकालपत्रात अशा मतांना 'स्कॅटरिंग' म्हणतात.

मुदतींमध्ये राज्याराज्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. टेक्सासमध्ये मतदानाच्या ७८ दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत सगळे कागद पोचावे लागतात. २०२४ मध्ये ती तारीख १९ ऑगस्ट होती, म्हणजे प्रचाराला खरा रंग चढण्याआधीच. कॅलिफोर्नियात खिडकी मतदानाच्या ५७ दिवस आधी उघडते आणि १४ दिवस आधी बंद होते. यात एक गंमत आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला टपालाने मतपत्रिका येते आणि ती साधारण महिनाभर आधीच पाठवायला सुरुवात होते. म्हणजे मतपत्रिका हातात पडते तेव्हा राइट-इन उमेदवारांची यादी पक्की झालेलीच नसते. भाच्याला सांगा, पहिल्याच दिवशी लिहून पेटीत टाकायची घाई नको. शेवटच्या दोन आठवड्यांत राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (तिथे निवडणुकांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर मान्य राइट-इन उमेदवारांची यादी लागते. नाव त्यात असेल तरच लिहिण्यात अर्थ आहे.

कागद भरताना अडतं ते सहसा इलेक्टरांपाशी. सिनेटर, प्रतिनिधीगृहाचा सदस्य किंवा संघराज्य सरकारात अधिकाराच्या पदावर असलेली व्यक्ती इलेक्टर होऊ शकत नाही, हे राज्यघटनेतच आहे. कॅलिफोर्नियात अशा बंधनात न बसणारे ५४ जण लेखी संमतीसह जमवणं हौशी उमेदवाराला जड जातं. शिवाय उमेदवार जन्माने नागरिक, वयाने किमान ३५ आणि देशात १४ वर्षं राहिलेला हवा, आणि दोनदा निवडून आलेला नको. त्यामुळे 'ओबामांचंच नाव लिहितो' म्हणणाऱ्यांचं मत कुठेच लागत नाही.

काही राज्यांत तर जागाच नसते. हवाई, लुइझियाना, नेवाडा, ओक्लाहोमा आणि साउथ डकोटा इथे राइट-इनची सोयच नाही. साउथ कॅरोलायनात इतर पदांसाठी लिहिता येतं, अध्यक्षपदासाठी नाही. हवाईतल्या एका मतदाराने ही बंदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती. १९९२ मध्ये बर्डिक विरुद्ध ताकुशी खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी राज्याच्या बाजूने निकाल दिला. उमेदवाराला मतपत्रिकेवर यायचे रस्ते पुरेसे मोकळे असतील तर रिकामी ओळ ठेवलीच पाहिजे असं नाही, असा त्याचा सारांश.

ही रिकामी ओळ आली कुठून, हेही सांगतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटायचे, मतदार ती पेटीत टाकायचा, आणि वाटलं तर छापलेलं नाव खोडून दुसरं लिहायचा. १८८८ पासून एकेका राज्याने सरकारी छापील मतपत्रिका आणली. तेव्हा प्रश्न आला की छापायची नावं सरकार ठरवणार, मग मतदाराचा जुना हक्क कुठे गेला? रिकामी ओळ ही त्यावरची तडजोड.

आता प्रत्यक्ष मत कसं द्यायचं ते. उमेदवारांच्या यादीखाली एक कोरी ओळ असते आणि तिच्या शेजारी बाकीच्यांसारखाच एक लंबगोल. दोन्ही गोष्टी कराव्या लागतात: लंबगोल पूर्ण काळा करायचा आणि ओळीवर नाव लिहायचं. स्कॅनर अक्षरं वाचत नाही, तो फक्त लंबगोल बघतो. तो काळा दिसला की मतपत्रिका वेगळ्या कप्प्यात टाकतो किंवा त्या ओळीचं चित्र साठवतो, आणि नंतर माणसं बसून नाव वाचतात. लंबगोल कोरा राहिला तर यंत्राच्या लेखी तिथे काही घडलंच नाही. याची मोठी किंमत २००४ मध्ये सॅन डिएगोच्या महापौरपदाच्या निवडणुकीत मोजावी लागली. डॉना फ्राय या राइट-इन उमेदवार सुमारे दोन हजार मतांनी हरल्या, आणि पाच हजारांहून जास्त मतपत्रिकांवर त्यांचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं, फक्त लंबगोल भरलेला नव्हता. ती मतं धरली गेली नाहीत. धरली असती तर महापौर त्याच झाल्या असत्या.

याच्या उलटी चूकही होते. छापील उमेदवारापुढचा लंबगोल भरायचा आणि खाली ओळीवर पुन्हा त्याचंच नाव लिहायचं. मतदाराला वाटतं आपण ठासून सांगितलं, यंत्राला वाटतं दोघांना मत दिलं, आणि त्या पदापुरतं मत बाद. फ्लोरिडात २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत अशी मतं खूप निघाली होती, आणि तिथला निकाल किती थोडक्यात लागला ते सगळ्यांना आठवत असेल. टच-स्क्रीन यंत्र असेल तर पडद्यावर कीबोर्ड येतो, नाव टाइप करायचं, आणि छापील पावती येत असेल तर तिच्यावर ते नीट आलंय का बघायचं. नावाचे रबरी शिक्के किंवा स्टिकर वापरायच्या भानगडीत पडू नये. मॅसॅच्युसेट्समध्ये स्टिकर चालतो, पण बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि गोंद सुटला तर स्कॅनर अडकतो.

स्पेलिंग चुकलं तर? या बाबतीत अलास्काच्या २०१० च्या सिनेट निवडणुकीइतकं चांगलं उदाहरण नाही. लिसा मरकाउस्की पक्षाच्या प्रायमरीत (उमेदवार ठरवायच्या पक्षांतर्गत निवडीत) जो मिलर यांच्याकडून हरल्या आणि मग राइट-इन म्हणून उभ्या राहिल्या. आडनाव अवघड, म्हणून त्यांच्या प्रचारकांनी नाव छापलेले मनगटी पट्टे वाटले, जाहिरातींतून स्पेलिंग शिकवलं. मोजणीत मिलर यांच्या प्रतिनिधींनी आठ हजारांवर मतांना हरकत घेतली, त्यातल्या पुष्कळांना केवळ अक्षरं इकडेतिकडे झाली म्हणून. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मतदाराचा हेतू कळतोय ना, मग स्पेलिंगचा बाऊ करायचा नाही. तसं पाहिलं तर ती आठ हजार मतं बाजूला काढली तरी त्या दोन हजारांवर मतांनी पुढे होत्या. बहुतेक राज्यं आज हेतू बघतात. तरीही पूर्ण नाव, सुटी अक्षरं, असं लिहिलेलं बरं. नुसतं आडनाव लिहिलं आणि त्या आडनावाचे दोघे यादीत असले तर मोजणारा काय करणार?

दुसरा प्रश्न, असा माणूस अध्यक्ष होऊ शकतो का. कायद्याने होऊ शकतो, पण आजवर कुणी झालेला नाही, आणि होईल असं मला वाटत नाही. २७० इलेक्टर मिळवायचे तर अनेक मोठ्या राज्यांत पहिला क्रमांक हवा. प्रत्यक्षातले आकडे बघा. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात, डेमोक्रॅट प्रायमरीत हिलरी क्लिंटन यांच्याकडून हरलेले बर्नी सँडर्स यांच्या नावे इलेक्टरांची यादी दाखल झाली होती, म्हणून त्यांची राइट-इन मतं रीतसर मोजली गेली: ७९,३४१. आकडा मोठा वाटतो, पण राज्यात मतदान झालं होतं एक कोटी चाळीस लाखांच्या वर. त्यांच्या स्वतःच्या व्हरमाँटमध्ये त्यांना १८,२१८ मतं पडली, जवळपास पावणेसहा टक्के, आणि अध्यक्षपदाच्या राइट-इनमध्ये एवढं प्रमाण म्हणजे डोक्यावरून पाणी. इलेक्टर मात्र दोन्हीकडे शून्य.

त्याच वर्षी सँडर्स यांना एक इलेक्टोरल मत मिळालं ते हवाईतून, जिथे सामान्य मतदाराला कुणाचं नाव लिहायची मुभाच नाही. तिथल्या एका डेमोक्रॅट इलेक्टरने हिलरी क्लिंटन यांच्याऐवजी त्यांना मत दिलं. वॉशिंग्टन राज्यातल्या तीन इलेक्टरांनी तर निवडणुकीत नसलेल्या माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना मत दिलं. अशा इलेक्टरांना दंड करण्याचा, बदलण्याचा राज्यांचा अधिकार २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला.

राइट-इनची ताकद दिसते ती प्रायमरीत. तिथे मतदार थोडे असतात आणि मुख्य लढत रिकामी असू शकते. १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायरची रिपब्लिकन प्रायमरी हेन्री कॅबट लॉज यांनी जिंकली. तेव्हा ते सायगॉनमध्ये राजदूत होते, प्रचाराला फिरकलेही नव्हते, आणि त्यांनी मागे टाकलं उमेदवारीचे दावेदार गोल्डवॉटर आणि रॉकफेलर यांना. १९६८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची त्याच राज्यातली मतंही राइट-इनच होती. अलीकडचं म्हणजे जानेवारी २०२४. डेमोक्रॅटिक पक्षाने पहिली प्रायमरी साउथ कॅरोलायनाला दिली, न्यू हॅम्पशायरने ऐकलं नाही, म्हणून बायडन यांनी तिथे नावच नोंदवलं नाही. समर्थकांनी नाव लिहायची मोहीम चालवली आणि ते आरामात जिंकले. या तिन्ही ठिकाणी माणूस आधीच सगळ्यांना माहीत होता आणि मागे संघटना होती. राइट-इनने अनोळखी माणूस वर येत नाही.

मग भाच्याने लिहावं का? यादीत नसलेलं नाव लिहिलं तर परिणाम ती जागा कोरी सोडण्याइतकाच. त्याने कुणाचं मत कमी होत नाही, निवडणूक रद्द होत नाही, जास्त मतं मिळवणारा जिंकतोच. त्याच मतपत्रिकेवरची बाकीची पदं मात्र सुरक्षित राहतात, एका ओळीमुळे पूर्ण पत्रिका बाद होत नाही. आपल्याकडच्या सवयीने ही भीती साहजिक आहे. भारतात मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलं की मत बाद. राष्ट्रपतिपदाच्या मतदानात तर आमदार-खासदारांना आयोगानेच दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने पसंतीक्रम लिहावा लागतो. २०१६ मध्ये हरियाणातल्या राज्यसभा निवडणुकीत भलत्याच पेनाने लिहिल्यामुळे डझनभर मतं गेली होती.

नागरिकत्वाबद्दल एक सूचना, कारण मराठी मंडळांच्या गटांत याबद्दल गोंधळ दिसतो. ग्रीन कार्ड किंवा एच-वन व्हिसावर असलेल्याने संघराज्याच्या निवडणुकीत कुठलंही मत देणं हा गुन्हा आहे, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते आडवं येतं.

'राइट-इन' हाच शब्द आणखी एका कागदाच्या नावात आहे, आणि तो अगदी वेगळ्या कामाचा आहे: फेडरल राइट-इन ॲब्सेंटी बॅलट. तुमच्या घरातलं कुणी अमेरिकी नागरिक पुण्यात किंवा नाशकात राहत असेल तर हा उपयोगी. परदेशातल्या मतदारांना मतपत्रिका ४५ दिवस आधी पाठवणं राज्यांवर बंधनकारक आहे, पण ती वेळेत आली नाही तर हा कोरा कागद भरून पाठवता येतो. त्यावर छापील नावं नसतात. उमेदवाराचं नाव किंवा नुसतं पक्षाचं नाव लिहिलं तरी ते त्या पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला मिळालेलं मत धरतात, आणि किरकोळ स्पेलिंगच्या चुका सोडून द्यायच्या हे कायद्यातच लिहिलंय. अट एवढीच की मूळ मतपत्रिकेसाठी आधी वेळेत अर्ज केलेला हवा. काही राज्यं याच कागदाला अर्जही मानतात, ते आपल्या राज्यापुरतं तपासून घ्यावं. नंतर मूळ मतपत्रिका आली तर तीही भरून पाठवायची. ती मुदतीत पोचली तर तीच मोजतात, आधीचा कागद बाजूला ठेवतात, दोनदा मतदान केल्याचा ठपका येत नाही. मात्र या कागदावर अधिकृत उमेदवारांपलीकडचं एखादं नाव लिहिलं तर पुन्हा वर सांगितलेले राज्याचे राइट-इनचे नियम लागू होतात.