मुलाच्या फोनमध्ये गुन्हा सापडला तर

प्रश्न : मुलगा दहावीत, वय 15. वर्गातल्या मुलीच्या इन्स्टाग्रामवरच्या फोटोवरून त्याने एआय ॲपने नग्न फोटो बनवला आणि मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मुलीच्या घरी अजून कळलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, फोन रीसेट करू आणि तिच्या आईवडिलांचे पाय धरू. काय करावं?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, फोन रीसेट करू नका. ग्रुपमधल्या बहुतेकांच्या गॅलरीत फोटो एव्हाना आपोआप उतरलेला असेल. तुमच्याकडून पुसला जाईल तो फक्त पुरावा, आणि तो नष्ट केल्याचा ठपका वेगळा बसेल. फोन फ्लाइट मोडवर टाकून कपाटात ठेवा. वहीत लिहून काढा : ॲपचं नाव, ग्रुपचं नाव, त्यात कोण कोण, फोटो किती वाजता टाकला, पुढे कोणी पाठवला. हे विचारताना हात उगारू नका. मार बसला की मुलं अर्धंच सांगतात. फोटोचा स्क्रीनशॉट मात्र काढू नका आणि तो वकिलालाही पाठवू नका. मुलांचं असं चित्र जवळ ठेवणं, पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67बी खाली गुन्हा आहे.

पाय धरायला परस्पर जाऊ नका. माफी मनापासून असली तरी त्या घराला ते 'मिटवून टाका' असंच ऐकू येईल. मुलीला मात्र आजच कळायला हवं. शाळेच्या समुपदेशकांमार्फत कळवा. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत फोटो तिच्या फोनबाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो तिथे सापडला की काढला जातो. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटवर याचा उपयोग नाही, म्हणूनच ग्रुपमधल्या मुलांची नावं महत्त्वाची. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर महिला-बालक विभागात नाव न देताही तक्रार होते. तिला आधार हवा असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

पोलिसांना कळवणं तुमच्या मर्जीवर नाही. पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 19 नुसार ज्याला माहीत आहे त्याने कळवलंच पाहिजे. 'शाळेची अब्रू' म्हणून मुख्याध्यापकांनाही गप्प बसता येत नाही. आधी 15100 वर फोन करून विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मागा, मग मुलाला घेऊन तुमच्या ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे किंवा रायबंदरच्या सायबर ठाण्यात जा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतलंच, तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. त्याचं नाव छापता येत नाही. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा लावू शकतं. बाल न्याय कायदा मुलाला सुधारायला वाव देतो, आणि तो मिळावा असं आम्हाला मनापासून वाटतं. पण त्या मुलीला झालेली इजा लपवून नव्हे.

प्रश्न : 17 वर्षांच्या भाच्याने टेलिग्रामवरच्या 'पार्ट टाइम कामा'साठी आपलं बँक खातं वापरायला दिलं. दोन हजार मिळाले आणि खातं गोठलं.
– एक मामा, फोंडा

उत्तर : ते काम म्हणजे कुणाचे तरी लुबाडलेले पैसे पुढे सरकवणं. चोर रक्कम मिनिटांत अनेक खात्यांत फोडतात, आणि माग लागतो तो खातेदाराचाच. 'चूक दुरुस्त' म्हणून समोरच्याला एक पैसाही परत पाठवू नका. टेलिग्रामवरचं संभाषण समोरच्याला दोन्ही बाजूंनी पुसता येतं, म्हणून त्याचे स्क्रीनशॉट आजच काढा. शाखेत लेखी अर्ज देऊन कोणत्या ठाण्याच्या, कोणत्या तक्रार क्रमांकावरून खातं रोखलंय ते मागा. ठाणं बहुधा दुसऱ्या राज्यातलं निघेल. तिथे वकिलामार्फत लेखी म्हणणं द्या आणि पोच जपून ठेवा. एटीएम कार्ड किंवा सिम त्या लोकांकडे असेल, तर दोन्ही आजच ब्लॉक करा. पैसे घेऊन खातं सोडवून देतो म्हणणारा एजंट भेटला, तर तो दुसरा ठग समजा.