पशुवैद्य म्हणतात खोगीर अरुंद, कारागीर म्हणतो रुंद. घोडीची पाठ दुखतेय, ऐकायचं कोणाचं?

तुमच्याकडे तीन मतं आली आहेत. पशुवैद्यांच्या मते खोगीर अरुंद आहे. कारागीर म्हणतो ते पुढून खाली बसतं, म्हणजे रुंद आहे, जाड नमदा (खोगिराखालचं कापड) टाका. आणि प्रशिक्षक म्हणतात, घोडी नखरे करते. यातली पहिली दोन मतं एकाच वेळी खरी असू शकतात. विदर्सच्या (मानेच्या बुडाशी पाठीवर असलेल्या उंचवट्याच्या) मागे दोन्हीकडे खळगे पडलेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला तरी तसंच वाटतं.

अरुंद खोगीर एकाच जागी दाबत राहिलं की तिथला स्नायू झिजतो. स्नायू झिजला की पाठ त्या जागी निमुळती होते आणि तेच खोगीर आता पुढे झुकतं. दुखणं कशानं सुरू झालं ते पशुवैद्य सांगतायत, कारागीर आजची पाठ मोजतोय. आजच्या मापाचं खोगीर घेतलंत तर स्नायू परत भरायला जागाच उरणार नाही. जाड नमद्यानं आवळलेलं आणखी आवळेल, तो तर नकोच.

नखऱ्यांचं मत बाजूला ठेवा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) ओढताना कान मागे टाकणं, चावायला वळणं, स्वार बसताच पाठ खाली दबवणं ही वेदनेची लक्षणं समजून तपासायची असतात.

आधी स्वारी बंद करा. मग पशुवैद्यांना फक्त पाठ नाही, पायही बघायला सांगा. घोडी कडक जमिनीवर सरळ दुडकी चालवून दाखवा. खोगीर नेहमी एकाच बाजूला सरकत असेल तर ते आवर्जून सांगा. ग्रीव्ह आणि डायसन या घोड्यांच्या पशुवैद्यांच्या 2013 च्या अभ्यासात खोगीर सरकणं आणि मागच्या पायाचं लंगडणं यांचा संबंध दिसला होता. नस बधिर करून लंगडणं थांबवलं की बहुतेक घोड्यांचं खोगीर सरकणंही थांबलं. अशा घोडीला कितीही खोगिरं बदललीत तरी गुण येणार नाही. वेदनाशामक चालू असताना केलेल्या तपासणीवर विसंबू नका, दुखणं झाकलं जातं. पावसाळ्यात नमदा ओला राहून कातडीला खपल्या धरतात, तेही आधी बघून घ्या.

माप तुम्ही स्वतः घ्या. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या सामानात वाकणारी पट्टी मिळते. घोडी सपाट जागी, चारही पायांवर सारखं वजन, मान सरळ. खांद्याच्या पात्याच्या दोन बोटं मागे, मग खोगिराच्या मध्याखाली, मग शेवटच्या बरगडीजवळ, अशा तीन जागी पट्टी दाबून आकार कागदावर उतरवा आणि तारीख घाला. दर दोन आठवड्यांनी तेच करा.

खोगीर नमद्याशिवाय तपासा. पुढे ठेवून केसांच्या दिशेनं मागे सरकवा, आपोआप थांबेल तीच त्याची जागा. बरेच जण ते थेट खांद्यावर ठेवतात, मग चांगलं खोगीरही टोचतं. विदर्सवर दोन-तीन बोटं मोकळी हवीत, स्वार बसल्यावरही. मणक्यावरची पोकळी शेवटपर्यंत तीन-चार बोटं रुंद असावी आणि खोगीर शेवटच्या बरगडीमागे जाऊ नये. खोगिराच्या खालच्या गादीखाली हात पुढून मागे फिरवा: पुढे-मागे घट्ट आणि मधे पोकळ लागलं, तर सगळं वजन चार कोपऱ्यांवर येतंय. मग कुणाला तरी पुढचा पाय उचलून पुढे ताणायला सांगा. पातं मागे येताना तुमचा हात चिमटला तर अरुंद. दाब कुठे येतो ते घामातल्या कोरड्या ठिपक्यांवरून ठरवायचं असेल तर खोगीर उतरवल्याक्षणी बघा, तुमच्या नाशिकच्या उन्हाळ्यात घाम लगेच वाळतो.

उपाय मधला आहे. भरलेल्या पाठीला पुरेल एवढं रुंद खोगीर, आणि आजचे खळगे भरायला फक्त पुढच्या भागात नमद्याच्या खिशात घालायच्या फेल्टच्या पट्ट्या. लोकर भरलेली गादी असेल तर कारागीर ती कमी-जास्त करू शकतो. फोमच्या गादीत ती सोय नसते. हाताने धरून चालवण्याच्या व्यायामानं स्नायू भरू लागला, की कागदावरचे आकार बघून पट्ट्या एकेक काढायच्या.

पशुवैद्य आणि कारागीर यांना एकाच दिवशी, एकाच वेळी तबेल्यात बोलवा आणि हे कागद त्यांच्यासमोर ठेवा. दुखतं कुठे आणि स्वारी कधी सुरू करायची हे पशुवैद्य ठरवतील, गादीत काय बदलायचं ते कारागीर. नवं खोगीर विकणाऱ्याकडून दुखण्याचं निदान घेऊ नका.