पक्षाचे पद आणि पक्षाचे वकीलपत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पक्षाच्या प्रदेश कार्यकारिणीवर तुला घ्यायचे आणि पक्षाची न्यायालयीन कामेही तुझ्याकडेच सोपवायची, असे घाटत असल्याचे तुझ्या पत्रावरून समजले. दोन्ही एकदम स्वीकारू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकील ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर असतो, त्या संस्थेच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याला न्यायालयात उभे राहता येत नाही. आमदार-खासदारांना वकिली करण्यास मनाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले खरे, आणि त्या निकालाचा दाखला देऊन तुला गप्प करणारेही भेटतील. परंतु तिथला प्रश्न निराळा होता.

सुरुवातीची काही वर्षे पद बाजूला ठेवून काम घ्यावे, हे बरे. उमेदवारी अर्ज, नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्र, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचलाच पाहिजे असा, पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारा एबी फॉर्म आणि त्यानंतरची छाननी, हे सारे ज्याला बिनचूक सांभाळता येते, त्याला व्यासपीठावर खुर्ची मिळाली नाही तरी पक्षाला त्याच्यावाचून चालत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ३६ तोंडपाठ असू दे, कारण महत्त्वाची नसलेली त्रुटी दाखवून अर्ज फेटाळता येत नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर त्याच क्षणी सांगावे लागते. निवडणूक याचिका ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते आणि तिथे विलंब माफ होत नाही. पराभूत उमेदवार मात्र त्यातले निम्मे दिवस हितचिंतकांशी चर्चा करण्यात घालवतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. छाननीच्या वेळी जे तुझ्या डोळ्यांदेखत घडले, त्याविषयी पुढे तुलाच साक्ष द्यावी लागेल असे दिसत असेल, तर त्या याचिकेचे वकीलपत्र दुसऱ्याकडे जाऊ दे.

प्रवक्तेपदाचा मोह होईल. स्वतः चालवत असलेल्या प्रकरणाविषयी वृत्तपत्रांना मजकूर पुरवणे किंवा आपले छायाचित्र छापून आणणे नियमांना मंजूर नाही. न्यायालयाच्या पायऱ्यांवरून थेट कॅमेऱ्यासमोर जाणाऱ्यांना याची आठवण करून देण्याचे आता कोणी मनावर घेत नाही, एवढेच.

पोटापाण्याचा प्रश्न तू पत्रात संकोचाने विचारला आहेस, पण माझ्या लेखी तोच मुख्य आहे. पक्षाकडून फी वेळेवर येईल, अशी अपेक्षा धरू नकोस. तुझी दिवाणी आणि महसुली कामे, तुझे राजकारणाशी संबंध नसलेले अशील, हीच तुझी खरी मिळकत राहिली पाहिजे, म्हणजे पक्षाला नाही म्हणण्याची वेळ आली तर घरखर्चाचा विचार आडवा येणार नाही. जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मागणाऱ्या नानी पालखीवाला यांनी आणीबाणी जाहीर होताच त्यांचे वकीलपत्र सोडले. त्याच वादात अलाहाबादेत राजनारायण यांची बाजू मांडणारे शांतिभूषण १९७७ मध्ये कायदामंत्री झाले. राजकारणात शिरणाऱ्या तरुण वकिलांना बहुधा दुसरे उदाहरण खुणावते. मला पहिले अधिक उपयोगाचे वाटते, कारण मंत्रिपद कोणाला द्यायचे हे इतर ठरवतात.

पक्ष फुटतात, हे आपल्या राज्यात तुला समजावून सांगायला नको. उद्या दोन्ही गट अपात्रता याचिका घेऊन तुझ्याकडे येतील, आणि अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकीलपत्र संपल्यानंतरही उघड करता येत नाही. म्हणून प्रत्येक कामात तुझा अशील नेमका कोण, प्रदेश शाखा, एखादा पदाधिकारी की उमेदवार स्वतः, हे आरंभीच लेखी घेत जा आणि त्याची स्वतंत्र फाइल ठेव. कार्यकारिणीबाबतचा नकार प्रदेशाध्यक्षांना तोंडी न कळवता पत्राने कळव. मसुदा आधी माझ्याकडे पाठवलास तर पाहून देईन.